पाहणारं मूल

आईबाबांनो, आपल्या मुळशी तालुक्यातल्या कुठल्याही शाळेत जा आणि पाचवीच्या मुलांना म्हणा, 'डोंगर काढा.' दोन टोकदार त्रिकोण येतील. त्यांच्या मधून वर आलेला अर्धा सूर्य, सूर्याखालून निघालेली नागमोडी नदी, काठावर झोपडी आणि झोपडीशेजारी नारळाचं झाड. आता वर्गाच्या खिडकीतून बाहेर पाहा. आपला सह्याद्री असा नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक साचत गेले, म्हणून इथले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि बरेचसे माथ्याला सपाट. कोराईगडाचा माथा आठवा, केवढा लांबलचक! कोळवण खोऱ्यातून वर गेलं की तिकोना दिसतो, तो खरोखरच त्रिकोणी. पण तसे दोन शेजारीशेजारी आणि मधे सूर्य, हे इथल्या कुठल्याच मुलाने पाहिलेलं नाही. रानात आंबा आहे, जांभूळ आहे, हिरडा आणि ऐन आहेत. चित्रात मात्र नारळच येतो.

मुलं आळशी असतात म्हणून असं होत नाही. कधीतरी कुणीतरी मोठ्या माणसाने त्यांचा हात धरून 'डोंगर असा काढतात' हे दाखवलेलं असतं, आणि मग रोज दिसणाऱ्या डोंगरापेक्षा तो शिकवलेला डोंगरच हाताच्या सवयीचा होतो. मी या तालुक्यात चित्रकला शिकवते. कलावंत म्हणून जगणं म्हणजे काय, असं मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन : शिकवलेला डोंगर बाजूला ठेवून समोरचा डोंगर पाहत राहणं. ही ताकद तुमच्या मुलात आहे. ती टिकणार की नाही, हे शाळेपेक्षा घरात जास्त ठरतं. म्हणून आज तुमच्याशी मोकळेपणाने बोलायचं आहे.

मागे एकदा आठवीच्या वर्गाला मी स्मरणचित्रासाठी 'भातलावणी' हा विषय दिला होता. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या कला संचालनालयाच्या परीक्षा तुम्हाला ठाऊक आहेत; दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात म्हणून तुमच्यापैकी बरेच जण मुलांना बसवतात. त्या परीक्षांत स्मरणचित्राचा एक पेपर असतो. माझ्या मते तोच सगळ्यांत मोलाचा, कारण समोर काहीच ठेवलेलं नसतं. मुलाला स्वतःच्या जगण्यातून काढावं लागतं. आणि दुर्दैवाने घोकंपट्टी त्याचीच सर्वांत जास्त होते. चार माणसं पाठ करून ठेवायची, डोक्यावर टोपली दिली की झाला बाजार, हातात पिशवी दिली की झाला बसथांबा.

त्या दिवशी वर्गातल्या एका मुलीने नुसत्या पाठी काढल्या. निळे, पिवळे प्लॅस्टिकचे कागद पांघरलेल्या, वाकलेल्या पाठींची एक रांग. एकाही माणसाला तोंड नाही. दोन दिवसांनी तिचे वडील कसल्याशा दाखल्यासाठी शाळेत आले, तेव्हा मी त्यांना ते चित्र दाखवलं. ते मुलीला म्हणाले, "माणसांना तोंडं कुठायत गं?" ती म्हणाली, "लावणी करताना कुठं दिसतात, पप्पा?" ते गप्प झाले. चित्र हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "तोंडांचं खरंय तुझं. पण रोपं चुकली. लावणी करत आपण मागं मागं सरकतो. लावलेली रोपं तोंडापुढं पाहिजेत, तू पायामागं काढलीस. पायामागं नुसता चिखल असतो."

मुलीने चित्र परत काढलं. पुढे हिरवं, मागे चिखल. आणि त्या एका दुरुस्तीने चित्राला चाल आली. माणसं मागे सरकताहेत आणि हिरवं वाढत चाललंय, हे नुसतं पाहून कळायला लागलं. मला रंगांचं, रचनेचं शिक्षण आहे, पण ही दुरुस्ती मला सुचली नसती. जन्मभर खाचरात उभं राहिलेल्या माणसालाच ती सुचते. त्यांनी 'छान' म्हणून वही मिटली नाही. 'नंबर येईल का' असंही विचारलं नाही. चित्रातल्या गोष्टीविषयी ते मुलीशी बोलले, बरोबरीच्या माणसाशी बोलावं तसं.

पालकसभेत तुम्ही हात जोडून म्हणता, "मॅडम, आम्हाला त्यातलं काय कळतंय?" मला हे ऐकवत नाही. ताम्हिणीच्या धुक्यात समोरच्या गाडीचे दिवे किती अंतरावर दिसायला लागतात, हे रोज घाट उतरणाऱ्या बाबांना कळतं. भाकरी तव्यावर कोणत्या क्षणी रंग बदलते, हे आईला कळतं. मुलाच्या चित्राला, गोष्टीला, गाण्याला हेच लागतं. रंगसंगती मी शिकवीन. जगाची खरी माहिती तुमच्याकडे आहे आणि ती तुम्ही त्याला दिलीत की त्याच्या कलेत जीव येतो.

आता पोटापाण्याचं बोलू, कारण तुमच्या मनात सगळ्यात आधी तेच आहे आणि ते असणं योग्यच आहे. चित्रं काढून घर चालतं का? काहींचं चालतं, पुष्कळांचं चालत नाही. हे मी लपवणार नाही. पण 'कलावंत व्हायचं' आणि 'कलेवर पोट भरायचं' या दोन गोष्टींची गाठ आपण इतकी घट्ट मारून ठेवली आहे, की दुसरी अशक्य दिसली की पहिलीही मोडून टाकतो. सुधीर पटवर्धन पुण्यात जन्मले, लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि ठाण्यात 2005 पर्यंत रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करत राहिले. दिवसा एक्स-रे, आणि उरलेल्या वेळात ठाणे-मुंबईतली कामगार माणसं, चाळी, लोकल, रस्ते कॅनव्हासवर. आज आधुनिक भारतीय चित्रकला म्हटलं की त्यांचं नाव घ्यावंच लागतं. प्रभाकर बरवे अलिबागजवळच्या नागावचे. विणकर सेवा केंद्रात त्यांनी कितीतरी वर्षं नोकरी केली, हातमागाच्या कापडांसाठी नक्षी करण्याचं काम. त्याच काळात ते घड्याळ, पान, किल्ली अशा साध्या वस्तूंकडे पाहून वहीत टिपणं करत राहिले, आणि पुढे 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक मराठीत लिहिलं. चित्रकार विचार कसा करतो हे ज्याला समजून घ्यायचं आहे, त्या प्रत्येक आईबाबांनी ते वाचायचा प्रयत्न करावा. अवघड वाटलं तरी चार पानं वाचा.

ज्यांना चित्रकलेचं रीतसर शिक्षण घ्यायचंच आहे, त्यांच्यासाठी वाट आहे. बारावीनंतर प्रवेश परीक्षा, मग चार वर्षांची पदवी. मुंबईला सर जे. जे., पुण्यात अभिनव. उपयोजित कलेतून जाहिरात, पुस्तकांची सजावट, ॲनिमेशन अशी कामं मिळतात. प्रवेशाचे तपशील विचारायला कधीही या, मी बसून सांगेन. मात्र माझी खरी काळजी ही वाट धरणाऱ्या मोजक्या मुलांची नाही. वर्गातल्या बाकीच्या सगळ्या मुलांची आहे. ती शेती करतील, हिंजवडीत किंवा पिरंगुटच्या कारखान्यात नोकरीला जातील, नर्स होतील, दुकान टाकतील. त्यांच्यातलं पाहणारं माणूस शाळा सुटल्याबरोबर का संपावं?

ते न संपता कसं जगतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण लांब कुठे शोधायला नको. ते आपल्याच तालुक्यातलं आहे, कदाचित तुमच्याच घरातलं.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ ही नावं तुमच्यापैकी काहींनी ऐकली असतील. गी मूळचे फ्रान्सचे, नंतर भारताचे नागरिक झाले. हे दोघे पुण्यात राहून मुळशीच्या डोंगराळ गावांत काम करायचे. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून इथल्या बायकांशी त्यांचं नातं जुळलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की या बायकांना बोलायला सांगितलं तर त्या संकोचतात, पण जात्यावर बसल्या की त्यांच्या तोंडून सगळं आयुष्य येतं. मग त्यांनी त्या ओव्या लिहून घ्यायला सुरुवात केली. नांदगाव, कोळावडे अशी आपली गावं त्यात आहेत. काम वाढत वाढत महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत गेलं आणि एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. नव्वदच्या दशकात बर्नार बेल या अभ्यासकाच्या साहाय्याने त्यांतल्या कितीतरी टेपवर उतरल्या. गी 2004 मध्ये गेले, हेमाताई 2010 मध्ये. 2017 पासून हा ठेवा 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहाने लोकांपुढे ठेवला. आपल्या गावातल्या बायकांचे आवाज, त्यांच्या नावासकट, आज कुणालाही ऐकता येतात.

या ओव्या कुठल्या परिस्थितीत रचल्या गेल्या, याचा विचार मी पुन्हा पुन्हा करते. पहाटेचा अंधार, घरातले सगळे झोपलेले. दिवसभराचं पीठ दळायचं, मग पाणी, मग शेण-गोठा, मग रान. या बाईला कुणी कलावंत म्हटलं नाही, आणि तिनेही स्वतःला म्हणवून घेतलं नाही. शाळेचं तोंड बहुतेकींनी पाहिलं नव्हतं. तरी तिने सीतेचा वनवास गायला, पंढरीची वाट गायली, आईची आठवण, भावाची वाट पाहणं, सासरी सोसलेलं, पावसाचं येणं आणि न येणं. बाबासाहेबांवरच्या ओव्याही या संग्रहात आहेत. जे दिवसा कुणापुढे बोलता येत नव्हतं, ते तिने पहाटे दगडाला सांगितलं.

कारागिरी केवढी आहे पाहा. जात्याच्या फेऱ्याला ओळ बसली पाहिजे. कमी पडली तर 'गं बाई' घालून लांबवायची, जास्त झाली तर शब्द गिळायचा. पहिल्या ओळीत अंगणातली, रानातली एखादी गोष्ट येते आणि दुसरी ओळ तिला मनातल्या गोष्टीशी आणून भिडवते. दोघी खुंट्याला असल्या की एक ओवी धरते, दुसरी तीच उचलून म्हणते. मला यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ही वाटते, की दुसरी म्हणत असताना पहिलीला पुढचं सुचायला वेळ मिळतो. हात गुंतलेले, मन मोकळं, शेजारी ऐकणारं माणूस, आणि चूक-बरोबर ठरवणारं कुणी नाही.

मुलाला कलेसाठी काय लागतं, असं तुम्ही मला विचारता तेव्हा रंगपेटीआधी मला हेच आठवतं. कागद-पेन्सिल कुठेही मिळते. मोकळं मन असलेला तास मात्र आपण त्याच्या दिवसातून काढून टाकला आहे. शाळा, मग शिकवणी, मग दुसरी शिकवणी, आणि मधल्या फटींत मोबाइल. मोबाइलवर राग काढून उपयोग नाही, आपणही त्याच्यातच बघत असतो. पण एवढं लक्षात घ्या की मुलाला कंटाळा येण्याआधीच आपण त्याच्या हातात काहीतरी देतो. तो कंटाळा येऊ द्या. त्याच्या पुढे काहीतरी असतं. मूल शेंगा सोलताना, गुरांमागे जाताना, एसटीची वाट बघत उभं असताना जे पाहतं, तेच पुढे त्याच्या वहीत उतरतं. त्याला घरकामातून सोडवून चित्र काढायला बसवा, असं मी म्हणतच नाही. उलट हाताला काम असू द्या. फक्त त्या वेळी त्याच्या मागे लागू नका.

आणि ऐकणारं माणूस. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, घरात, जात्यावर त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव स्वतः कवी. त्यांच्या घरातून ती गाणी कागदावर उतरली, आचार्य अत्र्यांच्या हाती पडली आणि 1952 मध्ये, बहिणाबाई गेल्यानंतर, पुस्तक निघालं. घरात ऐकणारा कुणी नसता तर? असोद्याच्या आसपास आणखी किती जणी गात असतील, ज्यांच्या घरी वही उघडणारं कुणी नव्हतं? हा विचार मला नेहमी हलवून जातो. तिथे मुलाने आईचं ऐकलं. आपल्याला आपल्या मुलांचं ऐकायचं आहे.

ऐकणं सोपं नाही, हेही सांगते. मूल नेहमी फुलं आणि फुलपाखरं काढत नाही. एका मुलाने आपला डोंगर काळा काढला होता, पूर्ण काळा, वणव्यानंतरचा. आई घाबरून माझ्याकडे आली, त्याच्या मनात काही वाईट आहे का म्हणून. मी म्हटलं, ताई, उन्हाळ्यात पौडच्या रस्त्याने जाताना वर बघा, तो डोंगर तसाच आहे. मूल काळ्या रंगाने खूप काळ तेच ते काढत राहिलं, जेवण-झोप-खेळ सोडून एकटं बसायला लागलं, तर अवश्य त्याच्याशी बोला, डॉक्टरांना विचारा. पण एक काळा डोंगर हा आजार नव्हे. त्याला जे दिसलं आणि बोचलं, ते त्याने सांगितलं.

आपल्या मुलांना दिसण्यासारखं बोचरं इथे पुष्कळ आहे. आपण ज्या पाण्याकाठी पाहुण्यांना फिरायला नेतो, त्या मुळशी धरणाखाली गावं गेली आहेत. त्यांच्यासाठी सेनापती बापटांनी 1921 मध्ये शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला. आज डोंगरउतारावर जेसीबी चालतात, खाचरांना प्लॉटची तारेची कुंपणं पडतात, जमिनीचे पैसे येतात आणि जातात. 2018 च्या 'मुळशी पॅटर्न' या चित्रपटात हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. आपण ते घरात पाहिलं आहे. बालमनाला हे झेपणार नाही असं समजून आपण विषय टाळतो. पण आजोबांच्या नावचं शेत कुठे होतं, हे मुलाने विचारलं तर त्याला तिथे घेऊन जा. आता तिथे बंगला असला तरी जा. बांध कुठून कुठे होता, विहीर कुठे होती, ते दाखवा. यातूनच त्याला कळेल की जग कायम असंच नव्हतं आणि ते टिपून ठेवणारं कुणीतरी लागतं. अशी नजर असलेला तरुण पुढे तलाठी झाला, इंजिनिअर झाला, जमीन विकायची वेळ त्याच्यावर आली, तरी तो कागदावर अंगठा उठवण्याआधी एकदा त्या जागेकडे पाहील, असा माझा विश्वास आहे.

स्पर्धांविषयी थोडक्यात. जरूर पाठवा, पण बक्षीस नाही आलं तर परीक्षकांना नावं ठेवू नका आणि बक्षीस आलं तर तेच चित्र पुन्हा पुन्हा काढायला लावू नका. पहिला नंबर आलेलं एकच मोराचं चित्र तीन वर्षं काढणारी मुलं मी पाहिली आहेत. टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांसाठी आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या बाईसारखं हसायला, डोळे मिटायला शिकवलं जातं, तेही मला पाहवत नाही. तिचा आवाज अजून तिचा तिलाच सापडलेला नाही.

आणि आता एक मागणं आहे. गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. जात्याबरोबर ओवीही गेली, कारण ती कामाशीच बांधलेली होती. तरी अजून तुमच्या घरी आजी आहेत. लग्नात घाणा भरताना जातं बाहेर निघतं, तेव्हा त्यांच्या तोंडून एखाद-दोन ओव्या येतात आणि डीजे सुरू झाला की राहून जातात. 'आजी, ओव्या येतात का?' असं विचारलंत तर त्या 'नाही बाई, विसरले सगळं' म्हणतील. जात्याशिवाय ओवी आठवत नाही, असं बायका सांगतात आणि ते खरंच आहे. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत जातं धुऊन पडवीत मांडा. मूठभर आंबेमोहोर वैरण म्हणून घाला. आजीला खुंट्याशी बसवा, समोर नातीला बसवा आणि दुसरा हात तिचा लावा. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि तुम्ही तिथून थोडे लांब राहा. आजी अडखळली तर 'पुढं काय गं?' हे नातीला विचारू द्या. नातीला स्वतःची ओळ घालावीशी वाटली तर तिला घालू द्या, फेऱ्यात बसली नाही तरी चालेल. जे मिळेल ते सुट्टीनंतर शाळेत घेऊन या. चित्रकलेच्या तासाला सगळ्या वर्गाला ऐकवू, आणि आजींना वेळ असेल तर त्यांनाही बरोबर आणा.